जुन्या सेसना १५२ चं प्रॉप (प्रॉपेलर, म्हणजे पुढचा पंखा): बिघाड कसा ओळखायचा, दुरुस्ती कुठवर करायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही माहिती नक्की कुठल्या विमानाची आहे?

मुख्यतः सेसना १५२ ची, म्हणजे दोन सीटच्या छोट्या ट्रेनिंग विमानाची. हे विमान १९७७ ते १९८५ या काळात बनलं, म्हणजे सगळ्यात शेवटचंसुद्धा आता चाळिशीला आलंय, आणि तरी ट्रेनिंगमध्ये अजून राबतंय. इंजिन बहुतेकांमध्ये लायकमिंग ओ-२३५-एल२सी, ११० हॉर्सपॉवर, आणि पुढे मॅकॉलीचं १ए१०३/टीसीएम६९५८ हे फिक्स्ड पिच प्रॉप, म्हणजे ब्लेडचा (पात्याचा) कोन कायम असलेलं. नंबरातले शेवटचे चार आकडे महत्त्वाचे, ६९ म्हणजे व्यास ६९ इंच आणि ५८ म्हणजे पिच ५८ इंच, म्हणजे हवा घट्ट असती तर एका फेऱ्यात प्रॉप ५८ इंच पुढे गेलं असतं. सेसना १७२ वाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त आकडे आपापल्या मॅन्युअलमधून घ्या. १८२ सारख्या कॉन्स्टंट स्पीड (उडताना ब्लेडचा कोन आपोआप बदलणाऱ्या) प्रॉपवाल्यांसाठी खाली वेगळा प्रश्न घेतलाय.

आणि एक आधीच सांगतो. भारतात व्हीटी (भारतीय) रजिस्ट्रेशनच्या विमानावर काम करून सही करायचा अधिकार लायसन्सधारी एएमईला (विमान देखभाल इंजिनिअरला) आणि डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेलाच आहे. पायलटने, विद्यार्थ्याने हे वाचावं ते बघायला आणि ओळखायला शिकण्यासाठी, कानस हातात घेण्यासाठी नाही.

लीडिंग एजवर (ब्लेडच्या पुढच्या कडेवर) छोटासा टवका उडालाय, नख अडकतं इतकाच. आजची सॉर्टी (उड्डाण) करून घेऊ का?

नाही. एएमईला बोलवा, त्याला दाखवा, तो बघेपर्यंत विमान उभं राहू दे. मला कळतं की विद्यार्थी ताटकळत असतात आणि स्लॉट जातो, पण यात घासाघीस नको.

कारण सांगतो. २५५० आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्या) या प्रॉपचं टोक सेकंदाला साधारण २३४ मीटर जातं, म्हणजे ताशी ८४० किलोमीटरच्या आसपास, आणि ब्लेडला बाहेर खेचणारा जोर कित्येक टनांचा असतो. त्यात चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा धक्का देतं, म्हणजे २४०० आरपीएमला मिनिटाला ४८०० धक्के. हे सगळं अख्ख्या ब्लेडवर सारखं पसरलेलं असतं तोवर ठीक, पण टवक्याच्या तळाशी जिथे टोकदार कोपरा तयार होतो तिथे सगळा ताण गोळा होतो. कापडाला कात्रीने जरासा छेद दिला की पुढे ते हाताने टर्रकन फाटतं, तसंच. टवक्यातून तडा, तड्यातून टोक तुटणं. आणि टोकाचा चार-पाच इंचाचा तुकडा जरी गेला तरी प्रॉपचा तोल इतका बिघडतो की इंजिन माउंटवरून (इंजिन धरणाऱ्या चौकटीवरून) उखडून येऊ शकतं, मग पायलटकडे विचार करायला वेळ उरत नाही.

टवका कुठे आहे हे आधी बघा. ब्लेडच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातला, म्हणजे टोकाकडचा, सगळ्यात वाईट. हबजवळच्या (मधल्या बुडख्याजवळच्या) जाड भागात थोडी सवलत असते, पण तीही मॅन्युअल देईल तेवढीच, आपण ठरवायची नाही.

टवका काढतात कसा?

बारीक कानशीने, मग एमरी क्लॉथने (घासायच्या कापडाने), आणि शेवटी त्याहून बारीक क्रोकस क्लॉथने. टवक्याच्या तळापर्यंत धातू काढायचा आणि मग तो खड्डा दोन्ही बाजूंना लांबवर नेऊन असा मिळवायचा की बोट फिरवलं तर कुठे पायरी लागू नये. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) मार्गदर्शनातलं माप असं आहे की कडेवरचा टवका असेल तर खोलीच्या १० पट लांबीत तो मिळवायचा, आणि ब्लेडच्या सपाट किंवा फुगीर पाठीवर असेल तर २० पट. म्हणजे कडेवर १ मिलिमीटर खोल गेलेला असेल तर निदान १० मिलिमीटरमध्ये पसरवायचा. कडेचा मूळ गोलवा ठेवायचा, सपाट करून टाकायची नाही, आणि पात्यासारखी धारदार तर अजिबात नाही.

घासायची दिशा ब्लेडच्या लांबीने. आडवे ओरखडे राहिले तर ते स्वतःच नवे टवके होतात. मी हात कितीही बसलेला असला तरी शेवटचे दहा-पंधरा हात सावकाश, एकाच दिशेने मारतो, आणि मग कडेवरून कापसाचा बोळा फिरवतो. एखादा धागा जरी अडकला तरी काम बाकी आहे समजा.

मग दहा पट भिंगातून बघायचं, शंका असेल तर डाय पेनिट्रंट (रंग मुरवून तडा दाखवणारी चाचणी) करायचं. ब्लेडची उरलेली रुंदी आणि जाडी मॅन्युअलच्या मर्यादेत आहे का ते मोजायचं, उघड्या धातूवर संरक्षक लेप आणि रंग द्यायचा, आणि लॉगबुकात लिहायचं. लिहायचं हे लोक विसरतात, आणि मग पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा कानस फिरते आणि ब्लेड किती बारीक झालंय ते कुणालाच माहीत नसतं.

टवका एपॉक्सीने भरून वरून रंग मारला तर? किंवा हातोडीने ठोकून बसवला तर?

दोन्ही बंद. भरल्याने ताण कमी होत नाही, फक्त तडा दिसायचा थांबतो, म्हणजे आणखीनच वाईट. ठोकणं आणि वेल्डिंग करणं यांना तर कुठल्याच प्रॉपच्या पुस्तकात जागा नाही. कोणी असं करून दिलं असेल तर ते प्रॉप उतरवून शॉपला पाठवा.

व्हायब्रेशन येतंय. प्रॉपमधून येतंय की इंजिनमधून, हे कसं कळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यावरच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण लोक थेट बॅलन्सिंगला जातात.

आधी विमान थंड असताना नुसतं बघा. स्पिनरचा (हबवरच्या टोपीचा) एखादा स्क्रू गेलाय का, स्पिनरला किंवा त्याच्या मागच्या बल्कहेडला (आधाराच्या चकतीला) चीर आहे का, स्पिनर वाकडा बसलाय का. जुन्या सेसनांमध्ये स्पिनरची बल्कहेड चिरणं हे नेहमीचं आहे आणि कधीकधी अख्खी तक्रार तिथेच संपते. मग इंजिन माउंटचे रबर बघा, जुने झाले की ते दबून कडक होतात आणि इंजिन खाली झुकतं, काउलिंग (इंजिनवरचं झाकण) आणि स्पिनर यांच्यातली फट वर आणि खाली वेगळी दिसते. एक्झॉस्ट कुठे काउलिंगला टेकतोय का तेही बघून घ्या.

मग इंजिन चालू करून १२०० ते १५०० आरपीएमवर ठेवा आणि बाजूने, सुरक्षित अंतरावरून, हबकडे (स्पिनर असेल तर स्पिनरकडे) नीट बघा. हब स्वतःच छोट्याशा वर्तुळात फिरताना दिसला तर दोष बहुधा प्रॉपमध्ये. हब जागच्या जागी आहे आणि तरी विमान थरथरतंय तर इंजिनाकडे वळा: प्लग, मॅग्नेटो (ठिणगी पुरवणारं यंत्र, दोन असतात), कॉम्प्रेशन, चिकटणारा व्हाल्व्ह. व्हायब्रेशन एका मॅग्नेटोवर वाढतं का हेही लगेच कळतं. आणि ते फक्त ठराविक आरपीएमला येतं की आरपीएम वाढेल तसं वाढत जातं, हे पायलटने स्क्वॉकमध्ये (बिघाडाच्या नोंदीत) लिहावं. "व्हायब्रेशन आहे" एवढंच लिहिलं की एएमईचा अर्धा दिवस शोधण्यात जातो.

ट्रॅक बघणं म्हणजे काय?

दोन्ही ब्लेडची टोकं एकाच रेषेतून फिरतात का हे बघणं. याला महागडं यंत्र लागत नाही, म्हणून हे पहिल्यांदा करावं.

इग्निशन बंद, किल्ली खिशात, मिक्स्चर कट ऑफ, चाकांना चोक. प्रत्येक सिलिंडरचा एकेक प्लग काढा म्हणजे प्रॉप हलकं फिरतं आणि इंजिन चुकून पेटायचा धोकाही कमी होतो. ब्लेडच्या टोकाजवळ जमिनीवर एक जड लाकडी ठोकळा ठेवा, त्यावर कागद, टोक जिथून जातं तिथे पेन्सिलीने खूण. मग प्रॉप हळू फिरवून दुसरं ब्लेड तिथे आणा, पुन्हा खूण. सहा फुटांपर्यंतच्या धातूच्या प्रॉपसाठी दोन खुणांत १/१६ इंचापेक्षा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक नको. लाकडी प्रॉपला १/८ इंचापर्यंत चालतं.

फरक जास्त आला म्हणून लगेच ब्लेड वाकलंय असं समजू नका. हब आणि क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) फ्लँजमध्ये (टोकाच्या चकतीमध्ये) रंगाचा थर, घाण, बुरशीसारखा गंज अडकलेला असतो, किंवा बोल्ट सारखे आवळलेले नसतात. प्रॉप उतरवा, दोन्ही तोंडं साफ करा, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) समोरासमोरचे बोल्ट क्रमाने आवळा, पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर फ्लँजवर डायल गेज लावा, कारण मग संशय ब्लेडवर किंवा क्रँकशाफ्टवर जातो, आणि क्रँकशाफ्टची शक्यता अजिबात बाजूला टाकायची नाही.

डायनॅमिक बॅलन्सिंग करून घ्यावं का?

ट्रॅक, टॉर्क, स्पिनर, माउंट हे सगळं बरोबर असेल तर जरूर करा, पायलटला कॉकपिटमध्ये फरक जाणवतो आणि मागच्या इन्स्ट्रुमेंट पॅनलचंही आयुष्य वाढतं. इंजिनवर सेन्सर लावतात, ब्लेडवर परावर्तक पट्टी चिकटवतात, आणि व्हायब्रेशन सेकंदाला किती इंच हे मोजून स्पिनर बल्कहेडवर छोटी वजनं लावतात. ०.०७ च्या खाली आलं की उत्तम. पण सुरुवातीलाच आकडा १.२ च्या वर दाखवत असेल तर वजनं लावत बसू नका, प्रॉप उतरवून आधी स्टॅटिक बॅलन्स आणि तपासणी. एवढा आकडा म्हणजे काहीतरी मोडलंय किंवा वाकलंय.

स्टॅटिक आरपीएम कमी येतोय. प्रॉप खराब झालं का?

बहुतेक वेळा नाही. १५२ च्या पुस्तकात फुल थ्रॉटल, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) बंद, मिक्स्चर जास्तीत जास्त आरपीएम मिळेल तितकं लीन (इंधन कमी केलेलं), या स्थितीत विमान जागेवर उभं असताना साधारण २२८० ते २३८० आरपीएम यायला हवा. कमी आला की पहिला संशय टॅकोवर (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरवर) घ्यायचा. केबलवर चालणारे जुने मेकॅनिकल टॅको वय झालं की कमी दाखवतात, आणि त्या खोट्या आकड्यावर अनेक इंजिनं उगाच उघडली गेली आहेत. ऑप्टिकल टॅकोने मोजा, दहा मिनिटांचं काम.

टॅको बरोबर निघाला तर थ्रॉटलचा लिव्हर कार्ब्युरेटरवर शेवटच्या स्टॉपला खरंच लागतोय का बघा, कार्ब हीटचा दरवाजा पूर्ण बंद होतोय का बघा, एअर फिल्टर बघा, मग कॉम्प्रेशन. मे महिन्यात विदर्भात भर दुपारी ४५ अंशाला रनअप (उड्डाणाआधीची इंजिन चाचणी) करून आकडा जरा खाली आला तर त्यात हवेचा भाग किती हेही धरा, सकाळी गारव्यात पुन्हा घ्या. हे सगळं ठीक असेल आणि तरी आकडा कमी, तर मग पिच जास्त झालाय किंवा चुकीचं प्रॉप बसलंय. मॉडेल नंबर हबवर कोरलेला असतो, वाचा.

आकडा मर्यादेच्या वर जात असेल तर मात्र मी जास्त काळजी करतो. व्यास कमी झालेला असू शकतो, टोकं कापून बारीक केलेली असतात, किंवा ब्लेडचा पीळ सैल पडलेला असतो. या प्रॉपचा व्यास ६७.५ इंचाच्या खाली चालत नाही. टेप घेऊन मोजा, एका मिनिटात कळतं.

पिच बदलून घेता येतो का? चढायला विमान फार मंद वाटतं.

प्रॉप शॉपमध्ये पीळ बदलता येतो, एक इंच पिच कमी केला की साधारण २०-२५ आरपीएम वाढतात, चढाई सुधारते, क्रूझमध्ये थोडा वेग जातो आणि रेडलाईन (कमाल आरपीएमची मर्यादा) लवकर येते. पण विमानाच्या टाइप सर्टिफिकेटमध्ये (मान्यतापत्रात) किंवा मान्य मॉडिफिकेशनमध्ये जेवढं लिहिलंय तेवढंच. माझं मत विचाराल तर ट्रेनिंगच्या १५२ ला पिचशी खेळण्याआधी वजन आणि इंजिनची तब्येत बघा.

ब्लेड जरासं वाकलंय, सरळ करता येईल?

हँगरमध्ये नाही. वाकणं कुठे आहे आणि किती अंशाचं आहे यावर ते सरळ करता येतं की भंगारात जातं हे ठरतं, आणि तो निर्णय प्रॉप शॉपचा. कोणी आधी हाताने "थोडं" सरळ करून पाठवलं असेल तर शॉपला मूळ वाकणं मोजताच येत नाही, मग ते प्रॉप नाकारतात. तडा असेल तर प्रश्नच मिटला, तडा गेलेलं ब्लेड दुरुस्त होत नाही.

प्रॉप जमिनीला लागलं पण इंजिन थांबलं नाही. इंजिन उघडावंच लागेल?

लायकमिंग असेल तर हो, आत बघणं आलंच. टोबारला (विमान ओढायच्या दांड्याला) लागणं, उंच गवतात किंवा पाण्यात जाऊन आरपीएम एकदम खाली येणं, हेसुद्धा प्रॉप स्ट्राइकच. आणि इंजिन बंद असताना कोणी प्रॉपला गाडी धडकवली आणि ब्लेडला साध्या घासाईपेक्षा जास्त दुरुस्ती लागली, तर तेही त्यातच मोडतं.

बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं हीच यातली अडचण. धक्का क्रँकशाफ्टमधून मागच्या गिअरपर्यंत जातो आणि तिथला बोल्ट आणि डॉवेल (खुंटी) दुखावतो. तो गिअर सुटला की कॅमशाफ्ट आणि मॅग्नेटो दोन्ही थांबतात, म्हणजे इंजिन हवेतच बंद. म्हणूनच एफएएची एडी (सक्तीचा तपासणी-दुरुस्ती आदेश) २००४-१०-१४ आहे, स्ट्राइकनंतर हा भाग उघडून तपासायचा आणि बोल्ट व लॉकप्लेट नवी घालायची. इन्शुरन्सला लगेच कळवा आणि विमान हलवण्याआधी फोटो काढा.

स्ट्राइक लपवणं हा मला या कामातला सगळ्यात मोठा अपराध वाटतो. पुढच्या सॉर्टीला त्याच विमानात बसणारा अठरा-एकोणीस वर्षांचा सोलो विद्यार्थी असतो आणि त्याला काहीही माहीत नसतं.

१ए१०३ च्या हबला तडे जातात असं ऐकलं, खरं आहे का?

खरं आहे. २००३ साली एफएएने या मालिकेसाठी एडी काढली, २००३-१२-०५, हबमधल्या तड्यांची तपासणी करण्यासाठी. तुमच्या प्रॉपवर ती पूर्ण झाल्याची नोंद लॉगबुकात आहे का ते आधी शोधा, "झाली असेल" यावर जाऊ नका. रोजच्या प्रीफ्लाइटमध्ये स्पिनरमुळे हब दिसत नाही, त्यामुळे स्पिनर उतरला की दर वेळी टॉर्च मारून हब बघायची सवय ठेवा.

१८२ मध्ये कॉन्स्टंट स्पीड प्रॉप आहे आणि आरपीएम वरखाली होतो. कुठून सुरुवात करू?

तिथे गव्हर्नर (आरपीएम राखणारा भाग) इंजिनचं तेल जास्त दाबाने हबमध्ये पाठवतो आणि ब्लेडचा कोन बदलतो. अशा सिंगल इंजिन विमानात तेलाचा दाब गेला की ब्लेड फाइन पिचला (कमी कोनाला) येतं आणि आरपीएम वाढतो, त्यामुळे तेलाची गळती इथे नुसता डाग म्हणून सोडायची नाही. आरपीएम डोलत असेल तर प्रॉप नुकतं बसवलंय का विचारा, हवा अडकलेली असते, रनअपमध्ये दोन-चारदा सायकल केलं (प्रॉपचा लिव्हर मागेपुढे केला) की जाते. नाहीतर गव्हर्नरची जाळी, आत साठलेला गाळ, किंवा त्यातला अडकणारा पायलट व्हाल्व्ह (तेल सोडणारी छोटी झडप) बघा.

जमिनीवर आरपीएम कमी पण उड्डाणात रेडलाईनला पोचतो, तर प्रॉपमधला लो पिच स्टॉप (ब्लेडला कमीत कमी कोनावर थांबवणारा अडसर) बघा. जमिनीवर आणि हवेत दोन्हीकडे कमी, तर गव्हर्नरचं सेटिंग.

ब्लेडच्या मुळाशी लाल तेल दिसलं तर उडू नका. मॅकॉलीच्या काही हबमध्ये मुद्दाम लाल रंगाचं तेल भरलेलं असतं, तडा गेला की बाहेर दिसावं म्हणून. सील गेलेलं असू शकतं, तडाही असू शकतो, उघडल्याशिवाय कळणार नाही. हार्ट्झेल कंपनीच्या प्रॉपला ग्रीस भरताना दोनपैकी एक निपल (ग्रीसचं तोंड) काढून ठेवायचा, नाहीतर दाबाने सील फुटतं, आणि दोन प्रकारचं ग्रीस एकत्र करायचं नाही.

जुहू, गोवा, कोकण, समुद्राजवळच्या विमानांना वेगळं काय करायचं?

खारी हवा अॅल्युमिनियम आतून खाते. रंगाखाली फोड आल्यासारखं दिसलं, किंवा स्टिकरच्या कडेला पांढरी पूड दिसली, की तिथे खड्डे पडायला लागलेत, आणि गंजाचा खड्डा टवक्याइतकाच धोकादायक. उड्डाणानंतर ओल्या फडक्याने किडे आणि मीठ पुसा, मग किंचित तेलाचं फडकं फिरवा. सोड्यासारखे अल्कलाइन क्लीनर ब्लेडवर नकोत, हे सेसनाच्या पुस्तकातच लिहिलंय. प्रेशर वॉशर हबकडे मारू नका. चकचकीत पॉलिश करायचा मोहही टाळा, वरचं संरक्षण निघून जातं, आणि ब्लेडच्या मागच्या बाजूचा काळा रंग पायलटच्या डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून असतो.

लाकडी प्रॉप असेल तर पावसाळ्यात?

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं आणि बोल्ट ढिले पडतात. ऋतू बदलला की टॉर्क तपासा. विमान उभं करताना प्रॉप आडवं ठेवा, उभं ठेवलं तर ओल खालच्या ब्लेडमध्ये उतरते आणि तोल जातो.

टवके पडूच नयेत म्हणून काय करता येईल?

खडी किंवा मोकळी माती असलेल्या जागी रनअप घेऊ नका. टेकऑफला थ्रॉटल हळू द्या, विमान पुढे सरकू द्या, मग फुल पॉवर, म्हणजे खडा उडून प्रॉपला लागण्याऐवजी मागे राहतो. विमान प्रॉप धरून ढकलू-ओढू नका, टोबार कशाला आहे. आणि एप्रन झाडणाऱ्या माणसाला त्याचं काम किती मोलाचं आहे ते सांगा, मी सांगतो.

इग्निशन बंद असताना प्रॉपला हात लावायला काय हरकत आहे?

मॅग्नेटोची ग्राउंड वायर तुटली असेल तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो चालूच असतो, आणि गरम इंजिनमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असतं. प्रॉप जरा फिरवलं की एक ठिणगी पुरते. दर वेळी ते चालू आहे असंच समजून फिरण्याच्या कक्षेबाहेर उभं राहा. शटडाऊनच्या आधी आयडलवर क्षणभर स्विच ऑफ करून इंजिन मरतंय का हे बघायची सवय विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लावा.

ओव्हरहॉल (पूर्ण उघडून तपासणी-दुरुस्ती) किती दिवसांनी, आणि वापरलेलं प्रॉप घ्यावं का?

मॅकॉलीच्या बऱ्याच फिक्स्ड पिच प्रॉपसाठी २००० तास किंवा ६ वर्षं, जे आधी येईल ते, पण चालू सर्व्हिस बुलेटिन बघूनच ठरवा. तास कमी झाले म्हणून वर्षं विसरू नका, हँगरमध्ये उभ्या विमानालाच गंज जास्त लागतो.

वापरलेलं घेताना सिरियल नंबर आणि लॉगबुक जुळतंय का, शेवटच्या ओव्हरहॉलचं रिलीज सर्टिफिकेट आहे का, एडीच्या नोंदी आहेत का, व्यास आणि ब्लेडची रुंदी किती उरलीय, हे बघा. कागद नसलेलं प्रॉप कितीही स्वस्त मिळालं तरी ते विमानाला लागत नाही, ऑफिसच्या भिंतीवर लावायला घेत असाल तर गोष्ट वेगळी.